भुऱ्याची सुधारलेली उडी

संध्याकाळी सुकदेव चौधरीची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून त्याचा कुत्रा भुऱ्या अंगणात उठून उभा राहायचा. अंग झाडायचा, मागे सरकायचा आणि धावत येऊन भिंतीवर झेप घ्यायचा. वर पोचला की मागचे पाय भिंतीच्या माथ्यावर टेकवून पळभर थांबायचा, खाली बघायचा आणि मग थेट सुकदेवच्या छातीवर! सुकदेवची टोपी रोज मातीत पडायची. "आरे मारशीन लेका, एक दिवस मले मारशीन!" असं तो ओरडायचा खरा, पण तेव्हा त्याचा चेहरा पोळ्याच्या बैलासारखा सजलेला असायचा. दिवसभर केळीच्या वावरात कंबर मोडून आलेल्या माणसाचं एवढ्यानं सार्थक होत असे.

"टोपी रोज मीच धुते," त्याची बायको बेबाबाई म्हणायची. "एखांद्या दिवशी त्या कुत्र्याले बसवा धुवाले."

हे सगळं छान चाललं होतं. पण एकोणनव्वदच्या हिवाळ्यात भरीत खायला धुळ्याहून साडू आले आणि बिघडलं.

साडू म्हणजे कौतिकराव. बेबाबाईच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सरकारी कचेरीत नोकरीला. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या घरी जेवताना आपल्या घरचं काहीतरी मोठं असल्याचं सांगितल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. त्या वर्षी ते मोठं काहीतरी म्हणजे टायगर. अल्सेशियन. धुळ्याच्या श्वानप्रेमी मंडळाच्या स्पर्धेत अडथळ्यांवरून उड्या मारून त्यानं बक्षीस आणलं होतं. वावरातून घरी येताना कौतिकराव गाडीत होते, त्यामुळे भुऱ्याची झेप त्यांनी जवळून पाहिली.

"झेप चांगली आहे, सुकदेवराव," ते टोपी उचलून देत म्हणाले. "पण तंत्र नाही."

"काय नही?"

"तंत्र हो, तंत्र. मागचे पाय टेकतो बघा भिंतीवर. स्पर्धेत आडवी काठी नुसती ठेवलेली असते. पाय लागला की पडली खाली. आमचा टायगर कसा, पाय असे पोटाशी घेतो..." आणि त्यांनी भर गल्लीत स्वतःचा एक पाय पोटाशी घेऊन दाखवला.

सुकदेवच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या कुत्र्याला कोणी चोर म्हटलं असतं, चावरा म्हटलं असतं, तरी त्यानं ऐकून घेतलं असतं. पण उडीला नाव ठेवलं! तेही साडूनं! रात्रीच्या भरिताची चव गेली. हात धुता धुता तो बोलून गेला, "औंदाच्या स्पर्धेत भुऱ्या उतरीन, दाजी. पाय नही टेकनार."

"बघा बुवा," कौतिकराव सुपारी कातरत म्हणाले. त्या 'बघा बुवा'नं सगळा घोटाळा केला.

दुसऱ्याच दिवशी सुकदेवनं परसात दोन मेढी रोवल्या, त्यांवर एक बांबू आडवा ठेवला आणि भुऱ्याला हाक मारली. भुऱ्या आनंदानं धावत आला, झेपावला, सवयीनं बांबूवर पाय टेकवायला गेला आणि बांबूसकट खाली आला. उठून त्यानं आधी बांबूकडे आणि मग सुकदेवकडे पाहिलं. हे काय नवीन, असा त्याचा चेहरा होता. दहा वेळा केलं तरी तेच. बांबूला बाभळीचे काटे बांधायचा विचार सुकदेवनं बोलून दाखवला, तेव्हा बेबाबाई लाटणं घेऊनच बाहेर आली.

"काटे लावा न! आन् पह्यले तुमी उडी मारून दाखवा!"

काट्यांचा विचार तिथेच राहिला. पण सुकदेव काही साधासुधा माणूस नव्हता. आसोद्यात कोणाचाही नवा गोऱ्हा औताला शिकवायचा असला, की लोक त्याच्याकडे आणून सोडत. त्याची रीत ठरलेली होती. नवख्याला मारायचं नाही, ओरडायचं नाही. जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपायचं. जाणता चालला की नवखा चालतो, जाणता वळला की नवखा वळतो. अशानं कितीतरी मस्तवाल गोऱ्हे गायीसारखे गरीब झाले होते. जे बैलाला चालतं ते कुत्र्याला का चालू नये? प्रश्न एवढाच होता, की उडीतला जाणता आणायचा कुठून?

तो शेजारीच होता. धुरपदाबाईची बकरी, चांदी. कुंपण असो, ओटा असो, चारही पाय पोटाशी आवळून ती अशी अलगद पलीकडे जायची, की कौतिकरावांनी पाहिलं असतं तर टायगरचं नाव काढलं नसतं.

"बकरी? कुत्र्यासंगं जुंपतू?" धुरपदाबाईनं तोंडाला पदर लावला. "सुकदेव, तुले ऊन लागलं का रे?"

"अक्का, तिले रोज केयीची सालं देईन. पोटभर."

फुकट चाऱ्यापुढे धुरपदाबाईचं हसू आवरलं आणि चांदी परसात आली.

दोघांच्या गळपट्ट्यांत हातभर दोरी बांधली. बांबूपलीकडे केळीच्या सालांची पाटी ठेवली. पहिल्या दिवशी चांदी उडाली आणि भुऱ्या मागे फरफटत गेला. मग बाचाबाची झाली. भुऱ्या गुरगुरला, चांदीनं त्याला शिंगांनी कोपऱ्यात दाबून धरलं आणि भांडण कायमचं मिटलं. त्यानंतर मात्र सुकदेवची रीत लागू पडली. चांदी पाय आवळायची तसे भुऱ्यानं आवळायला सुरुवात केली. दोरी काढली तरी दोघं खांद्याला खांदा लावून धावायची, एकदमच उडायची आणि एकदमच पलीकडे टेकायची. बांबू हलायचासुद्धा नाही. गल्लीतली माणसं बघायला जमायला लागली. केळी वाहणारा गनीभाई मेटॅडोर थांबवून म्हणाला, "वा सुकदेवभाऊ! क्या जोडी बनाई! धुळ्याला मी घेऊन जातो गाडीत, काय टेन्शन नको."

एकच गोष्ट जरा विचित्र झाली होती. उडी मारल्यावर भुऱ्या चांदीच्या बरोबरीनं पाटीत तोंड घालून केळीची सालं खायला लागला होता.

आणि दुसरी गोष्ट बेबाबाईच्या लक्षात आली. एका संध्याकाळी गाडी दाराशी आली, घुंगरं वाजली, सुकदेवनं सवयीनं टोपीवर हात ठेवला, पण भिंतीवरून काहीच आलं नाही. तो आत गेला. भुऱ्या भिंतीपाशी उभा होता. शेपूट हलवत होता, पण मान धुरपदाबाईच्या घराकडे. चांदी येण्याची वाट बघत होता.

"कालबी आला नही तो," बेबाबाई म्हणाली. "परवाबी नही. मी म्हन्ते, सोडा हे उड्यांचं."

सुकदेव 'हो' म्हणणारच होता. पण तेवढ्यात त्याला कौतिकरावांचं 'बघा बुवा' आठवलं. "स्पर्धा होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मंग येईन तो आपोआप." टोपी त्यानं स्वतःच काढून खुंटीला अडकवली. ती स्वच्छ होती, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी गनीभाईच्या मेटॅडोरमध्ये केळीच्या घडांवर भुऱ्या, चांदी आणि सुकदेव अशी तिघं धुळ्याला निघाली. चांदीला न्यायचं नव्हतंच. पण ती खाली राहिली की भुऱ्या उतरायचा, आणि त्याला वर चढवलं की ती खालून असा टाहो फोडायची, की धुरपदाबाईच म्हणाली, "ने बाप्पा तिलेबी."

मैदानावर मांडव होता, लाऊडस्पीकर होता, झेंडूचे हार घातलेले पाहुणे होते. आधी टायगर धावला. एका ठिकाणी काठी पडली, बाकी ठीक. कौतिकरावांनी घाम पुसला. मग पुकारा झाला, "आसोद्याचे श्री. सुकदेव चौधरी, आणि त्यांचा भुऱ्या!" चांदीला मेटॅडोरमध्ये बांधून सुकदेव भुऱ्याला घेऊन आत आला.

शिट्टी वाजली. भुऱ्या पहिल्या काठीसमोर बसला आणि मागे वळून पाहू लागला.

"चल भुऱ्या! हिय्या!" सुकदेवनं हाक घातली. भुऱ्या बसलेलाच. "भुऱ्या, मह्या राजा, ऊठ न!" लोक हसायला लागले. सुकदेवचे कान तापले. तेवढ्यात मेटॅडोरमधून चांदी ओरडली. भुऱ्या ताडकन उठला, मैदानाभोवतीचा दोर, त्यामागची बाकडी आणि मेटॅडोरचा फाळका अशा तिन्ही उड्या पाय पोटाशी घेऊन त्यानं लागोपाठ मारल्या. परीक्षक उभे राहिले. "उडी उत्तम आहे," ते म्हणाले, "पण दिशा चुकली."

पुढे काय झालं ते गनीभाई अजून रंगवून सांगतो. गाठ सुटली म्हणतो. बहुधा त्यानंच सोडली. फाळक्यावरून चांदी आणि भुऱ्या खांद्याला खांदा लावून उतरली, तशीच मैदानात शिरली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक काठी एकदम पार करत गेली. एकही हलली नाही. लोक बाकांवर चढले.

"हाई काय शे भो? कुत्रं शे का बकरी शे?" कोणीतरी ओरडलं.

"दोन्ही शेत! सगळा बाजार शे!"

शेवटची काठी झाल्यावर दोघांनी पाटी शोधली. पाटी नव्हती. पाहुण्यांच्या टेबलावर झेंडूचे हार होते. चांदीनं एक ओढला, भुऱ्यानं दुसरा. दुसरा हार अध्यक्षांच्या गळ्यात होता. अध्यक्ष खुर्चीसकट वाकले, पण भुऱ्या काही सोडेना. कौतिकराव उठून म्हणाले, "हरकत आहे माझी! बकरीचं नाव नोंदवलेलंच नाही!" परीक्षकांनी मान्य केलं. भुऱ्या बाद झाला आणि टायगरला बक्षीस मिळालं, पण टाळी मात्र कोणी वाजवली नाही. सगळे मेटॅडोरपाशी बकरी बघायला गेले होते.

हरल्याचं सुकदेवला फार वाटलं नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. परतीच्या वाटेवर भुऱ्या चांदीच्या पोटाला टेकून झोपला होता, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्यानं डोळासुद्धा उघडला नाही, हेच त्याला लागलं.

महिन्याभरानं कौतिकराव पुन्हा आले. यावेळी भरिताचं नाव नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "सुकदेवराव, ती बकरी मिळेल का हो? टायगरचा पाय लागायला लागलाय काठीला."

हा क्षण खरं म्हणजे सुकदेवनं गाजवायला हवा होता. साडू त्याच्या ओट्यावर बसून त्याची रीत मागत होता! पण त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. बकरी गेली, की कुत्रा आपला झाला. तो स्वतः उठून धुरपदाबाईकडे गेला. तिचं आधीच ठरलेलं होतं. "ने बाप्पा. उड्या मारू मारू दूध आटलं तिचं."

"विचार करा बरं का," बेबाबाई म्हणाली. "त्याले काय वाटीन?"

"त्याले काय वाटतं? कुत्रा आहे तो. दोन दिसात इसरीन."

कौतिकराव चांदीला घेऊन फाट्यावरून एसटीत चढले. भुऱ्याला तेवढा वेळ घरात कोंडलं होतं.

त्या संध्याकाळी सुकदेव वावरातून लवकरच निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं बैल मुद्दाम हळू केले, म्हणजे घुंगरं नीट ऐकू जावीत. भिंतीपाशी गाडी थांबवली, खाली उतरला, टोपी डोक्यावर सैल ठेवली आणि छाती पुढे काढून उभा राहिला. "भुऱ्या! ये रे!"

आतून पावलांचा आवाज आला. भुऱ्या धावला आणि झेपावला! चारही पाय पोटाशी, भिंतीला नखसुद्धा लागलं नाही. काय ती उडी! धुळ्याच्या परीक्षकांनी गुणांचे कागद फाडून टाकले असते. तो सुकदेवच्या डोक्यावरून पलीकडे गेला, जमिनीवर टेकला आणि मागं वळूनही न बघता चांदीच्या वासावर फाट्याच्या दिशेनं सुसाट पळाला.

सुकदेव छाती काढून तसाच उभा. टोपी डोक्यावर होती.

"आधी वर थांबायचा न," बेबाबाई दारातून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "तुमीच आले का, ते पाह्याले थांबायचा. तेच मोडलं तुमी."

सुकदेव बैल सोडायला वळला.

तेव्हापासून भुऱ्या रोज फाट्यावर जाऊन बसू लागला. एसटी आली की दारापाशी उभा राहायचा, उतरणारा एकेक माणूस बघायचा आणि गाडी गेली की पुन्हा बसायचा. सुकदेवनं त्याला आणायला जाऊन पाहिलं, भाकर दाखवून पाहिली, एकदा तर लाज सोडून केळीची सालंसुद्धा नेली. शेवटी स्वच्छ धोतर नेसून तो धुळ्याला साडूच्या दारी गेला, बकरी परत द्या म्हणून हात जोडायला. कौतिकराव दारातच म्हणाले, "कसली बकरी? अहो, टायगर आता तिच्याशिवाय जेवत नाही. जीव गेला तरी देणार नाही."

परतीच्या एसटीतून तो आसोद्याच्या फाट्यावर उतरला, तेव्हा भुऱ्या दारापाशी उभाच होता. त्यानं सुकदेवकडे पाहिलं. सुकदेवचा हात आपोआप टोपीकडे गेला. भुऱ्यानं शेपूट थोडीशी हलवली आणि मान वाकडी करून त्याच्यामागे, गाडीत पाहायला लागला.

"सरका भाऊ, दार लावू द्या," कंडक्टर म्हणाला.

"थांब रे जरासा," सुकदेव म्हणाला आणि भुऱ्याला आतपर्यंत नीट दिसावं म्हणून दारातून बाजूला झाला.