सरकारांचा पोटदाह आणि चिमाक्काची सुटका

श्रीगजाननास वंदून, कुलदेवतेस स्मरून घडले वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी सरकार रत्नोजीराव यांचे पोटी दाह उठला, आणि अन्न म्हणता वीट येऊ लागला, आणि रक्ताची वांती जाहली, मग वाड्यात हाहाकार जाहला. दिवाणजी बोलिले, "सरकार व राणीसाहेब एके पंगतीस जेवितात. राणीसाहेबांस साधा ढेकर नाही आणि सरकार तळमळतात. ताटात कोणी विष कालविते." मुदपाकखान्याची आचारीण चिमाक्का, जिने सरकारांस बाळपणी मऊ भात भरविला, तिजला कैद जाहली, आणि सरकारांनी कण्हत कण्हतच कडेलोटाचा हुकूम दिधला. चिमाक्का कोठडीत बसून आठवू लागली की हळदीत काय पडले, तुपात काय पडले, आणि आठवता आठवता तिजला आपलेच हातांचा संशय येऊ लागला.

इकडे हकीम दाऊदखान आले, आणि त्यांणी दुर्बिणीची बारीक नळी सरकारांचे गळ्यातून पोटी उतरविली, आणि जखम पाहिली, आणि तेथील कण भिंगाखाली ठेविला, तो पिळदार जंतू दिसले. हकीम म्हणाले, "विष नव्हे, जंतूंचा उपद्रव." दिवाणजी म्हणाले, "मग जंतूच घातले असतील! नाही तर राणीसाहेबांस का नाहीत?" तेव्हा राणी गजराबाईसाहेब बोलिल्या, "मजला नाहीत हे कोणी पाहिले? नळी माझे घशात घाला." सर्वांनी नको नको म्हटले, परंतु बाईसाहेबांनी डोळे मिटून नळी गिळिली. पाहतात तो तेच जंतू, आणि पोट मात्र शाबूत!

हकीम बोलिले, "हे जंतू बहुतकरून लहानपणीच पोटी शिरतात आणि ठाण मांडितात. शरीराची फौज त्यांजवर चालून जाते. बाईसाहेबांचे फौजेत शिपायांस आवरणारे पुष्कळ, म्हणोन लढाई बेताची. सरकारांकडे आवरणारे थोडे. जंतू मरत नाहीत आणि मारामारीत पोटाचेच अस्तर सोलवटते. यात आचारिणीचा काय अपराध?"

मग राणीसाहेब स्वतः कोठडीशी गेल्या आणि म्हणाल्या, "आक्का, उठा. विष नव्हतेच."

"म्हणजे माझे हातून काही जाहले नाही?"

"काही नाही."

चिमाक्का भिंतीस टेकून हसू लागली, आणि हसता हसता रडली. पुढे औषध चालले, जंतू गेले, जखम भरली, आणि सरकार पंगतीस बसले. मान खाली घालून म्हणाले, "आक्का, आम्ही तुमचा जीव घेत होतो."

"आधी जेवा," चिमाक्का म्हणाली, "भात निवतो."

ऐसे सरकार वाचले, चिमाक्का वाचली, आणि राज्यास पुन्हा भूक लागली. इतके वर्तमान.