राखड चालणार नाही

आमच्या शेजारच्या शालिककाकाजींनी "चहा घेता का?" विचारलं आणि तुम्ही "चालेल, थोडासा" म्हणालात, की चहा गेलाच म्हणून समजा. "होय म्हना, नाही तर नाही म्हना. राखड बोलू नका!"

राखड म्हणजे राइस मिलमधल्या भुशाची राख. काकाजींची सारी नोकरी तुमसरच्या एका मिलमध्ये गेली. दोरीवरच्या कपड्यांपासून डोक्यावरच्या केसांपर्यंत ती राख त्यांनी इतकी झटकली, की करड्या रंगाशी त्यांचं कायमचं वैर जडलं. निवृत्तीनंतर त्यांना मोबाइलवर फोटो काढायचा नाद लागला. तेही फक्त डोंगर, तलाव, बांध यांचे आणि फक्त काळे-पांढरे. "काळं म्हंजे तव्यावानी, पांढरं म्हंजे धुतलेल्या तांदळावानी. मधलं सारं राखड!"

जग सकाळ-संध्याकाळ फोटो काढतं, काकाजी भर दुपारी निघतात. मिठाईच्या डब्याची पारदर्शक लाल पन्नी मोबाइलच्या डोळ्यावर रबरानं बांधलेली. तिच्यामुळे निळं आभाळ काळं पडतं आणि ढग उठून दिसतात, हे मात्र खरं आहे. माणूस मध्ये आलेला त्यांना खपत नाही. "माणूस आला का चित्र गेलं!" असं म्हणून एकदा ते बांधावरच्या गुराख्याशी भांडले, आणि तो हटेना तेव्हा त्याच्या बकऱ्यांशी.

मी सूर्यास्ताचा एक रंगीत फोटो त्यांना मोठ्या कौतुकानं दाखवला होता. बराच वेळ पाहून म्हणाले, "भाजी चांगली झाली. वरून सांबार पेराचा राहिला." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

परवा त्यांनी मला हाक मारली. "गाडी काढ. आंबागडले जाऊन राहिलो आपण."

आंबागड हे काकूंचं माहेर. गेल्या काही वर्षांत काकूंची नजर कमी होत गेली होती आणि आता डॉक्टरांनीही हात टेकले होते. काकूंना घरी ठेवून आम्ही दोघंच निघालो. रस्त्यात काकाजी मागच्या सीटवरून म्हणाले, "तिले राखड दिसत नाही रे. काळ्यावर पांढरं असलं तरच दिसते. तेही कमी होऊन राहिलं. एकदा गड दिसला पाहिजे तिले."

मी इतके दिवस या काळ्या-पांढऱ्या फोटोंना म्हातारपणाचा चाळा समजत होतो. मी गाडी उगाच हळू केली.

तलावापाशी पोचलो. समोर गडाचा डोंगर, मागे पांढराशुभ्र ढग. काकाजींनी पन्नी बांधली, मोबाइल माझ्या हातात दिला आणि कडक इस्त्रीचा पांढरा सदरा सावरत स्वतःच तलावाच्या पाळीवर जाऊन उभे राहिले.

"काकाजी, माणूस आला का चित्र गेलं ना?"

"गप बस. दाब!" म्हणत त्यांनी हात वर केला.

तुमसरला दाराएवढा फोटो छापून घेतला आणि घरी खिडकीच्या उजेडात लावला. काकू आधी नाक टेकवून उभ्या राहिल्या, मग मागे सरकल्या. काकाजी श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत होते.

"हा गड..." काकू हळूहळू म्हणाल्या. "हा ढग. अन् खाली हे पांढरं काय हाये?"

"बगळा," काकाजी म्हणाले.

"बगळा हात कायले वर करून राहिला मंग?"

काकाजींनी नाक ओढल्याचा आवाज आला. काकूंनी मान वळवली.

"रडून राहिले का जी?"

"नाही... म्हंजे थोडंसं..."

"होय म्हना, नाही तर नाही म्हना," काकू म्हणाल्या. "राखड बोलू नका."

"होय," काकाजी म्हणाले.