बिराजदार सरांचं भुकेचं औषध

आमच्या शेजारचे बिराजदार सर भेटले की राम राम म्हणत नाहीत. सरळ विचारतात, "भूक लागली का?" हो म्हटलं की खुलतात. नाही म्हटलं, तर चष्म्यावरून असं बघतात की आपलं काही खरं नाही असं वाटावं. माझ्या सासूबाई एकदा म्हणाल्या, आज एकादशी आहे. तर म्हणाले, "एकादशी ऱ्हाऊ द्या हो, पोट काय म्हणतंय?"

लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं तेव्हापासून सर जीवशास्त्र शिकवतात. डॉक्टर व्हायला आलेली पोरं समोर, आणि सर पोटापाशी आले की पुढं सरकत नाहीत. "घ्रेलिन! रिकाम्या पोटातून निघतं अन् मेंदूला सांगतं, जेव बाबा. हेच बाहेरून देता आलं, तर दुखण्यानं वाळलेला माणूस पुन्हा जेवंल. संशोधन चालू हाय!" पोरं विचारायची, "सर, परीक्षेला येतंय का?" सर भडकायचे, "तुला परीक्षेची पडलीय!"

दुखणं त्यांच्या घरातच होतं. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना कॅन्सर. उपचार चालू होते, पण अन्नावरची वासनाच उडालेली. वजन असंच घटलं तर पुढचं औषध देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात सरांच्या घरची सगळी माणसं गेली. उरल्या त्या वहिनीच. माझ्याही जिवाला घोर लागला होता.

त्यात सरांनी नवंच खूळ काढलं. वहिनींना भूक लागल्याबिगर आपणही जेवायचं नाही! दोन दिवसांत माणूस भिंत धरून चालायला लागला. मी वरणभात घेऊन गेले अन् चांगली खरडपट्टी काढली. तेव्हा वहिनी हळूच बोलल्या, "ह्यांच्या आधी मी आजवर घास घेतला न्हाई. कसेबसे चार घास जात होते, तेबी बंद झाले. हे जेवेनात, मग मी कशी जेवू?"

"अगं बाई!" मी कपाळावर हात मारला. एवढा शिकलेला माणूस, अन् घरातली रीत ठाऊक नसावी?

सरांनी घाईघाईनं मोठा घास कोंबला, ठसका लागला. वहिनींनी पाणी दिलं, मग स्वतः चार घास खाल्ले. सरांनी भात पुन्हा वाढून घेतला, तसे वहिनींनीही अजून दोन खाल्ले.

"बघा सर, आलं की तुमचं घ्रेलिन!" मी खुशीत म्हणाले.

सर मला सोडायला पायरीपर्यंत आले अन् तिथंच लहान लेकरासारखे रडायला लागले.

"तिला भूक न्हाई हो ताई. मी उपाशी ऱ्हाऊ नये म्हणून खायलीय."