सख्खे प्रोसेसर

दादाच्या ऑफिसातल्या सोफ्यावरून त्या दिवशी आणखी एक गिऱ्हाईक घसरलं. सोफा चांगला होता, पण दुकानातून आला तेव्हा त्यावर जे जाड प्लॅस्टिक होतं ते दादानं अजून काढलं नव्हतं. त्यावर टेकलेला माणूस बोलता बोलता हळूहळू पुढं सरकायचा आणि मुद्द्याचं बोलणं येईपर्यंत जमिनीला लागायचा. आजचं गिऱ्हाईक हॉटेल बांधत होतं. अंगानंही ते हॉटेलवाल्याला शोभेल असंच होतं, त्यामुळे जरा लवकर लागलं.

"हे काढत का नाही तुम्ही?" हॉटेलवाल्यानं उठता उठता विचारलं.

"सोफा खराब होईल ना," दादा म्हणाला.

दादाचं सगळं असंच. टीव्हीचा रिमोट पिशवीत आणि पिशवीला रबर. फ्रिजच्या दारावर, घड्याळाच्या काचेवर, स्कूटरच्या मीटरवर कारखान्यातला पापुद्रा तसाच. पापुद्र्यावर ओरखडे पडून आता वाजले किती ते दिसायचं नाही, पण काच नवी होती. "मला तेवढी गुंडाळायची राहिली," असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दादा त्यावर हसायचा नाही, कारण त्यात त्याला विनोद दिसायचा नाही.

धाकटा भाऊ त्या सोफ्यावर एकदोनदा बसला, पुन्हा कधीच बसला नाही. "घाम फुटतो रे दादा, चिकटतो मी," म्हणायचा आणि चहाचा कप घेऊन खाली फरशीवर भिंतीला टेकून बसायचा. मग दादाही त्याच्या शेजारी बसायचा. समोर सोफा रिकामा, नवाकोरा, आणि दोघे भाऊ फरशीवर. त्यांचा धंद्यातला प्रत्येक निर्णय त्या फरशीवर झाला होता.

धंदा होता न बांधलेल्या घरांची चित्रं काढायचा. खोली संगणकात उभी करायची, खिडकीतून ऊन कुठं पडेल, काचेत काय दिसेल, सोफ्याची सावली किती, हे सगळं संगणक हिशेब करकरून रंगवत बसतो. त्याला मेंदू दणकट लागतो, म्हणजे प्रोसेसर. हॉटेलाचं काम मोठं होतं, म्हणून भावांनी दोन नवे संगणक जोडायचे ठरवले. धाकटा दुकानात जाऊन दोन्हींचं सामान घेऊन आला. एकच कंपनी, एकच मॉडेल, खोक्यांवर छापलेला वेगही तोच.

"दे इकडे, दोन्ही मीच जोडतो," धाकटा म्हणाला.

"नको. तुझा हात जड आहे," दादा म्हणाला. "माझा मी जोडीन."

धाकट्यानं आपला संगणक गप्पा मारत मारत जोडला. दादानं आधी हात धुतले, मग टेबलावर चादर अंथरली, मग सगळे स्क्रू वाटीत काढले, आणि धाकट्याचं काम सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर आपला जोडून संपवला.

हॉटेलाच्या खोल्या दोघांनी अर्ध्या अर्ध्या वाटून घेतल्या. पहिल्याच दिवशी गंमत झाली. धाकट्याची खोली रंगवून झाली, त्यानं चहा प्यायला, कप विसळला, तरी दादाची खोली अजून अर्ध्या उजेडात होती. त्यात दादाचा संगणक असा घोंघावत होता की फोनवर बोलायला जिन्यात जावं लागे.

"आवाज ऐक," दादा कौतुकानं म्हणाला. "जीव तोडून काम करतोय."

"तापतोय तो. उघडून बघू का जरा?"

"उघडायचं नाही. मी बसवलंय ते."

यावर उपाय म्हणून दादानं घरून टेबलफॅन आणून संगणकावर रोखला. त्यानं संगणक थंड झाला नाही, पण हॉटेलाचा तळमजला उडून खिडकीबाहेर गेला. धाकटा जिना उतरून तो कागद शोधत असताना दादाच्या मनात पहिल्यांदा ते आलं. सामान आणायला एकटा धाकटाच गेला होता.

दादा दुकानात गेला. दुकानदार पट्टीचा बोलणारा होता.

"एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर, तर दोन्ही सारखेच असणार ना?" दादानं विचारलं.

"अगदी तंतोतंत नसतात हो," दुकानदार म्हणाला. "एकाच कारखान्यातले असले तरी एखादा निघतो सरस. पण तो फरक इतका बारीक की तुम्हाआम्हाला कळायचाही नाही. तुमचा फारच मागे पडत असेल तर तो तापतोय. पंखा नीट टेकलाय का बघा."

दादानं त्यातलं 'एखादा निघतो सरस' एवढंच उचललं आणि बाकीचं दुकानातच ठेवून घरी आला.

"धाकट्यानं निवडून सरस घेतला," त्यानं वहिनीला सांगितलं.

"खोकं बंद होतं ना? बाहेरून काय दिसणार होतं भावजींना?"

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

"मी खोक्याची बाजू घेतेय," वहिनी म्हणाली.

पुढच्या दिवशी धाकटा हॉटेलाच्या जागेवर मापं घ्यायला गेला तेव्हा दादानं ऑफिसचं दार लावून घेतलं, दोन्ही संगणक उघडले आणि प्रोसेसरांची अदलाबदल केली. प्रोसेसरवर पंख्याचा एक जड ठोकळा बसतो. त्याचा तांब्याचा तळ प्रोसेसरला टेकतो आणि मधे पांढरा लेप असतो. धाकट्याच्या पंख्याचा तळ लेपानं नुसता बरबटलेला बघून दादाला वाईट वाटलं. किती निष्काळजी मुलगा! आपला तळ त्यानं एकदाच फडक्यानं पुसला, तर दुकानातून आणल्यासारखा चकचकीत झाला. समाधानानं त्यानं सगळं परत बसवलं.

फरक काही पडला नाही. धाकट्याचा धावतच होता, दादाचा घोंघावतच होता.

"म्हणजे त्याला कळलं," दादा घरी येऊन म्हणाला. "त्यानं गुपचूप परत बदलले."

"भावजी काल परस्पर घरी गेले होते हो."

"सकाळी लवकर आला असेल. मी उद्या पुन्हा बदलणार."

वहिनीनं बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं. "अहो, पण त्यांनी बदललेच नसतील, तर उद्या तुमचा तुमच्याकडेच येईल की."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलाची चित्रं द्यायची होती. धाकट्याच्या खोल्या तयार होत्या, दादाच्या राहिल्या होत्या. अशा दिवशी कुणी शहाणा माणूस स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस आपला राहत नाही. धाकटा हॉटेलवाल्याला आणायला बाहेर पडला आणि दादानं पुन्हा दोन्ही संगणक उघडले. दार लावायचं मात्र विसरला.

ते दोघे आत आले तेव्हा टेबलावरच्या चादरीवर दोन्ही संगणक आडवे पडले होते आणि दादाच्या चिमटीत धाकट्याचा प्रोसेसर होता.

"दादा? काय करतोयस?"

खरं तर दादाला त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. साफ करतोय म्हणाला असता, तरी धाकट्यानं मान डोलावली असती. पण पकडला गेलेला माणूस आधी ओरडतो.

"तूच सांग काय केलंस ते! चांगला तुला आणि रद्दड मला? सख्ख्या भावाला?"

धाकटा एकदा त्या चिमटीकडे आणि एकदा दादाकडे बघत राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "असं वाटलं तुला?"

हॉटेलवाला बसला नाही. दोन उघड्या संगणकांकडे आणि दोन बंद तोंडांकडे बघून तो उभ्यानंच म्हणाला, "तुमचं घरचं मिटलं की कळवा." तसं कळवायची वेळ आलीच नाही, कारण ते काम दुसरीकडे गेलं.

धाकट्यानं पुढं नोकरी बघितली, ती दुसऱ्या गावात मिळाली. जायच्या दिवशी ऑफिसात येऊन त्यानं दादाच्या टेबलाखालचा संगणक उचलला.

"तू माझा ठेव. तुझा मी नेतो," एवढंच तो म्हणाला. चहा दोघांपैकी कुणीच विचारला नाही.

धाकट्याचा संगणक अर्थातच पळत होता. खोल्या चटाचट उजळायला लागल्या. दादानं भेटेल त्याला सांगितलं, "बघा, आपणहून देऊन गेला. कबुलीच झाली की ही." ऐकणारे मान हलवायचे. वहिनी मात्र हलवायची नाही. आणि ऑफिस इतकं शांत झालं होतं की कबुली मिळूनही दादाला तिथं बसवेना. चहा तो टेबलावरच प्यायचा. फरशीवर एकट्यानं बसलं की माणूस काहीतरी हरवलेलं शोधतोय असं वाटतं.

असे काही महिने गेले. एकदा वहिनी धाकट्याशी फोनवर बोलत होती. दादा शेजारच्या खोलीत, ऐकत नसल्यासारखा ऐकत होता.

"काय सांगता भावजी! पूर्वीपेक्षा जोरात?" वहिनी म्हणाली, आणि दादा तरातरा आत आला.

"कोण जोरात?"

"तुमचा संगणक. म्हणजे त्यांनी नेला तो."

दादानं फोन हातात घेतला. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य काय बोलायचं याची त्यानं मनात अनेकदा तयारी केली होती. त्यातलं एकही न बोलता तो म्हणाला, "काय केलंस तू त्याला?"

"काही नाही रे. जरा साफ केला."

"खरं सांग."

"जाऊ दे ना दादा."

"माझी शपथ."

"पंख्याच्या तळाला प्लॅस्टिक होतं," धाकटा म्हणाला. "पातळ पापुद्रा. तो काढून बसवायचा असतो. तू काढला नव्हतास. उष्णता बाहेरच जायची नाही. आणि तापला की प्रोसेसर स्वतःला जपायला वेग कमी करतो. प्रोसेसर दोन्ही सारखेच होते."

दादाला तो चकचकीत तळ आठवला. दोनदा पुसलेला.

"त्यावर लिहिलं होतं," दादा म्हणाला. "काढून टाका म्हणून. मी वाचलं होतं. मला वाटलं, ज्यांना वस्तू जपता येत नाहीत त्यांच्यासाठी लिहिलं असेल."

धाकटा हसला नाही. हसला असता तर दादाला जरा सोपं गेलं असतं.

"कळलं कधी तुला?"

"इथं येऊन उघडला तेव्हा. पहिल्याच दिवशी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. पण तू सगळ्यांना सांगत सुटलायस असं कानावर आलं, मी कबुली दिली म्हणून. मग म्हटलं, आता हे कळलं तर दादाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." धाकटा पुढं म्हणाला, "तुझ्या सोफ्यावर बसलं की मला व्हायचं ना, अगदी तसं झालं होतं बिचाऱ्या प्रोसेसरला."

सगळ्या वस्तू त्यानं नव्या ठेवल्या होत्या, फक्त एक गोष्ट जपायची राहिली आणि ती त्यानं हॉटेलवाल्यासमोर, स्वतःच्या हातानं मोडली होती.

"चुकलो मी. परत येतोस?" त्यानं विचारलं.

"नोकरी आहे आता दादा. इथं माणसंही चांगली आहेत." हे धाकट्यानं दादाला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि दादाला ते सगळ्यात जास्त लागलं.

फोन ठेवून दादा तडक ऑफिसात गेला. काय झालं ते बघायला वहिनी मागोमाग आली. दादा कात्री घेऊन सोफ्याशी झटत होता. इतक्या वर्षांत प्लॅस्टिक कापडाला चिकटून बसलं होतं, त्यामुळे ते चर्र आवाज करत निघालं. खालून गडद निळा सोफा निघाला. दोघेही बघत राहिले.

"मला तर हा राखाडी आहे असंच वाटायचं," वहिनी म्हणाली.

दादानं पुन्हा फोन लावला. "ऐक. सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढलं."

पलीकडून धाकट्याचा आवाज आला, जुना, फरशीवरचा. "खरंच? कसा आहे?"

"निळा आहे रे."

"बसलास?"

"बसणारच होतो."

"बसू नकोस," धाकटा म्हणाला. "सुट्टी मिळाली की येतो मी. तोवर जपून ठेव."

"बरं," दादा म्हणाला.

वहिनीनं चहा आणला. दादानं आपला कप उचलला, मऊ, निळ्या, उघड्या सोफ्याला वळसा घातला आणि खाली फरशीवर, भिंतीला टेकून बसला. शेजारी एका माणसापुरती जागा त्यानं सोडली होती, म्हणून वहिनी जरा अंतर ठेवून बसली.