पाणमांजररावांचा जनजागृती दौरा

मुलांनो, नीट बसा. पुढील हकिगत कार्तिक वद्य पंचमीला, ओहोटी लागल्यानंतर साधारण पाऊण तासाने, धक्क्याच्या चौथ्या खुंटावर बसलेल्या एका खंड्या पक्ष्याने सांगितली. सांगताना तो तीन वेळा मासा पकडायला उडाला. त्यामुळे ती तुकड्यातुकड्यांनी ऐकावी लागली. तुकडे एकमेकांशी जुळतात, हे तपासून पाहिले आहे.

एका खारफुटीच्या जंगलात एक बंदर होते. तेथे मंजुळा नावाची कुर्ली, म्हणजे खेकड्याची मादी, राहत असे. धक्क्याच्या तिसऱ्या पायरीखालचे बीळ तिचे होते.

खेकड्याला वाढायचे असेल, तर जुने कवच टाकावे लागते. नवे कवच कडक होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ असतो. त्या दिवसांत बीळ असले तर खेकडा. नसले तर कालवण. मंजुळाचे कवच सैल होऊ लागले होते.

त्या बंदरात दूरदेशीच्या रोहित पक्ष्यांच्या सहलीच्या बोटी येत. ज्यांना उडता येते त्यांना बोट कशाला, असे कुणी विचारत नसे. हौस होती. आणि त्या जंगलात एक शिष्टाचार फार कसोशीने पाळला जाई: पाहुण्याच्या बोटीचे बूड पाहायचे नाही.

एके सकाळी मंजुळा चरून परतली, तो बिळात एक पट्टेरी खेकडा ऐसपैस बसलेला.

"कोण रे तू?"

"या ना मावशी, आत या! जागा नाही, पण या."

"मेल्या, माझे बीळ आहे ते!"

"हो का? छान आहे हो. आम्हा सगळ्यांना आवडले." मागून तीनशे पोरे ओरडली, "मावशी आली! मावशी आली!"

मंजुळा तडक बंदरप्रमुख पाणमांजररावांकडे गेली. पाणमांजररावांना खेकड्यांविषयी जुनी आस्था होती, विशेषतः जेवणाच्या वेळी. म्हणून ती चार हात लांबूनच बोलली.

"साहेब, परके खेकडे आलेत. बोटींना चिकटून आलेत. जरा वाकून बघा तरी!"

पाणमांजररावांनी दोन्ही कानांवर पंजे ठेवले. "पाहुण्यांच्या बोटीखाली वाकून बघायचे? मंजुळाबाई, शोभते का हे? बोट लखलखीत आहे. मी स्वतः तिच्यावर बसून चहा प्यालो आहे."

"मग ती तीनशे पोरे काय तुमच्या चहातून सांडली?"

एवढे बोलून मंजुळाने शिष्टाचार गुंडाळून ठेवला आणि पाण्यात बुडी मारली. बोटीच्या बुडाला अख्खी वसाहत होती. शेवाळाच्या गल्ल्या होत्या. दगडासारखे चिकटलेले कवचधारी जीव दाटीवाटीने बसले होते. त्यांच्या फटीफटींतून पट्टेरी खेकडे तिला हात करत होते.

हे ऐकून मात्र पाणमांजरराव गंभीर झाले. इतके गंभीर झाले, की दुपारपर्यंत समिती स्थापन झाली. इतर बंदरांना ताबडतोब सावध केले पाहिजे, असा ठराव एकमताने झाला. दौऱ्यासाठी रोहित पक्ष्यांनी मोठ्या मनाने तीच बोट दिली.

"अहो, निघण्यापूर्वी बूड तरी खरवडा!" मंजुळा कळवळून म्हणाली.

"वेळ कुठे आहे, बाई? संकट केवढ्या वेगाने पसरते आहे!"

तोपर्यंत धक्क्याखालचे एकूण एक बीळ पट्टेरी झाले होते. मंजुळाच्या पाठीवर कवचाला चीर पडली. लपण्याजोगी एकच फट उरली होती, आणि ती बोटीच्या बुडाला होती. नांगर उचलला गेला तेव्हा मंजुळा तिच्यात शिरलेली होती.

वाटेत तिसऱ्या दिवशी तिने कवच टाकले. चौथ्या दिवशी बोट एका अशा बंदराला लागली, जेथे मंजुळाच्या जातीचा खेकडा कुणी पाहिलाही नव्हता.

पाणमांजरराव बोटीच्या टोकावर उभे राहून गरजले, "बंधूंनो, परका खेकडा तुमच्या दाराशी येऊन ठेपला आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषण ऐकायला तेथील झाडून सारे खेकडे धक्क्यावर जमले होते. बिळे रिकामी होती.

मऊ, दुखरे अंग सावरत मंजुळा बुडाखालून हळूच उतरली. मागून पट्टेरी मंडळीही उतरली.

"मावशी, तुम्ही डावीकडचे घ्या. भरतीचे पाणी आत शिरत नाही."

"गप रे, मेल्या!" मंजुळा म्हणाली आणि डावीकडचे घेतले.

आत कुणीतरी ताजे शेवाळ अंथरून ठेवले होते. कुणाचेतरी कवच सैल झाले असावे. मंजुळाला क्षणभर फार वाईट वाटले. मग तिला गाढ झोप लागली.

भाषण संपले. श्रोते घरोघर गेले आणि बोंबलत परत आले. "पाणमांजरराव, तुम्ही म्हणालात तस्सेच झाले! शब्दन् शब्द!"

त्याच संध्याकाळी शाल आणि नारळ देऊन पाणमांजररावांच्या दूरदृष्टीचा सत्कार झाला. आणखी सात बंदरांची निमंत्रणे आली. बोट तयारच होती.

तात्पर्य: आपला इशारा अचूक ठरावा असे वाटत असेल, तर संकट सोबत घेऊन जावे.

भाषण खंड्याच्या मते दोन तास चालले. पाणमांजररावांच्या मते दहा मिनिटे. एवढ्या एका बाबीची खात्री कधीच करता आली नाही.