उत्तर फुटू नये म्हणून

एफ्तिमिये ब्रातोसिन गणिताचे मास्तर झाले नसते, तर सीमेवरच्या जकात नाक्यावर त्यांनी नाव काढलं असतं. कुणाच्या हातात पिशवी दिसली की तिच्यात काय लपवलं असेल, हाच विचार आधी त्यांच्या मनात यायचा. बर्लाड नदीकाठच्या त्या छोट्या शहरात गणित विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी उभी हयात काढली. तेवढ्या काळात त्यांच्या शाळेला गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये एकच उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं (आणि ते देताना कुणाची चूक तर झाली नाही ना, हेही सरांनी पत्र पाठवून विचारलं होतं).

यंदा हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्यांचा घोटा मोडला. पाय प्लास्टरमध्ये घालून ते घरी पडले आणि सातवीचे तास आंका नावाच्या नव्या बाईंकडे गेले. मार्चमध्ये काठी टेकत सर शाळेत परतले, तर दारातच मुख्याध्यापिका दोब्रेबाई केकची बशी घेऊन उभ्या.

"ब्रातोसिन सर, तोंड गोड करा. सातवीची पाच मुलं राष्ट्रीय फेरीला निवडली गेली."

"कुठली मुलं?"

"आपली."

"कशी काय?"

"गणितं सोडवून," दोब्रेबाई म्हणाल्या. "सोमवारी तुमची सही झाली की नावं वर पाठवते."

सरांनी केक गिळला, शंका मात्र गिळता येईना. आपण शिकवत होतो तेव्हा कुणी नाही आणि आपण अंथरुणात असताना एकदम पाच? दुसऱ्या एखाद्या माणसाने यातून स्वतःबद्दल काही निष्कर्ष काढला असता. सरांनी मुलांबद्दल काढला. नक्की कॉपी. शिवाय त्या पाचांत दोन जुळे भाऊ होते, म्हणजे तर बोलायलाच नको. सही करण्याआधी या मंडळींना पकडायचं, आणि तेही शाळेत नाही, कारण शाळेतल्या भिंतींवरसुद्धा त्यांचा भरवसा नव्हता.

"रविवारी पाच मुलांना जेवायला बोलावलंय," त्यांनी बायकोला सांगितलं.

साफ्ताने हातातला कांदा खाली ठेवला. लग्न झाल्यापासून या माणसाने सख्ख्या भावालाही जेवायला बोलावलं नव्हतं. "तुला बरं वाटतंय ना?"

"कौतुक म्हणून."

"कुणाचं?"

"मुलांचं."

"ताप बघू," असं म्हणून तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. पण बाई हौशी होती. तिने शनिवारपासूनच कोबीची पानं काढली आणि खिमा-भात भरून पातेलंभर सरमाले वळायला घेतले.

प्रश्न कुठला घालायचा, यावर सरांनी पुष्कळ विचार केला. पुस्तकातला घातला तर मुलांनी पाहिलेला असणार. स्वतः रचून कागदावर लिहिला तर कागद कुणी बघणार. म्हणून रविवारी सकाळी दाढी करता करता त्यांनी एक प्रश्न मनातल्या मनात रचला आणि तो मुद्दाम सोडवला नाही. उत्तर आपल्यालाच माहीत नसलं तर ते फुटणार कुठून? या युक्तीवर ते इतके खूश झाले की हनुवटी कापून घेतली.

मुलं आली ती नवे कपडे घालून. इलिंका नावाच्या मुलीने साफ्ताला ट्युलिपची फुलं दिली. सरांनी ती देठापर्यंत तपासून पाहिली.

"जेवणाआधी एक छोटंसं गणित," सर म्हणाले. "तीन लागोपाठच्या पूर्ण संख्या घ्या. त्यांच्या वर्गांची बेरीज केली की पुन्हा पूर्ण वर्ग येतो, अशा सगळ्या संख्या शोधा. आणि बसायचं प्रत्येकाने वेगळं."

इलिंका जेवणाच्या टेबलापाशी बसली. जुळ्यांतला एक बाल्कनीत, दुसरा झोपायच्या खोलीत. चौथी एक मुलगी, ती स्वयंपाकघरात. पाचवा, कोद्रिन, त्याला जागाच उरली नाही, म्हणून सरांनी त्याला न्हाणीघरात कपडे धुण्याच्या मशीनसमोर स्टूल देऊन बसवलं. मशीन चालू होती. ती कपडे पिळायला लागली तशी कोद्रिनची वही त्याच्यासकट थरथरू लागली.

सर काठी टेकत या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेल्यावर चमचा वाजला. टण, टण. थोड्या वेळाने पुन्हा टण.

"साफ्ता, खुणा करू नकोस."

"चमचा झटकते आहे."

"तीनदा?"

"सरमाल्यांना चोरपावलांनी ढवळू का?"

मुलांच्या पोटात कावळे ओरडत असतील म्हणून तिने प्रत्येकाला पावाचा तुकडा आणि एकेक सरमाला नेऊन दिला. सरांचा संशय बळावला. निरोप पोचवायला याहून सोयीची वस्तू कुठली? त्यांनी बाल्कनीतल्या मुलाच्या बशीतला सरमाला काट्याने उलगडला. आत खिमा आणि भात. खात्री करायला तो खाल्ला. मग झोपायच्या खोलीतला. तोही निर्दोष निघाला. न्हाणीघरापर्यंत पोचेतो तपास इतका सखोल झाला होता, की त्यांना पट्टा सैल करावा लागला.

शेवटी त्यांनी पाचही कागद गोळा केले आणि एकेक वाचत गेले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. पाचही कागदांवर एकच ओळ होती: अशा संख्याच नाहीत. (कोद्रिनच्या कागदावर ती जरा लाटांसारखी होती.)

सगळ्यांना टेबलाभोवती बसवून सर उभे राहिले. "पाच खोल्या, पाच डोकी आणि उत्तर एक. शब्दसुद्धा तेच. बोला, निरोप कुणी पोचवला?"

इलिंकाचे डोळे भरून आले. तिच्या आईने प्रवासासाठी नवी बॅगसुद्धा घेतली होती.

"उद्या मी सही करणार नाही," सर म्हणाले.

साफ्ताने चमचा खाली ठेवला. "मग बरोबर उत्तर काय आहे?"

"ते वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे किती?"

सरांनी खिशातून पेन्सिल काढली. एक, दोन, तीन घेतले, चौदा आले. दोन, तीन, चार, एकोणतीस. तीन, चार, पाचांना पन्नास आले तेव्हा त्यांच्या छातीत धडधडलं, कारण एकोणपन्नास हा वर्ग अगदी शेजारी होता. पण शेजारीच राहिला. ते पुढे जात राहिले. टेबलक्लॉथचा एक कोपरा आकड्यांनी भरला. मुलं मान खाली घालून बसली होती.

"सर," इलिंका नाक पुसत हळूच म्हणाली, "बेरजेला तिनाने भागून बघा ना. बाकी नेहमी दोन उरते. वर्गाला भागलं तर शून्य नाहीतर एक. दोन कधीच नाही."

सरांनी भागून पाहिलं. दुसरी संख्या घेऊन पाहिलं. मग पेन्सिल खिशात ठेवली.

"एफ्तिमिये," साफ्ता म्हणाली, "बरोबर उत्तर पाचांचंही सारखंच येणार ना रे? का गणितात तसं नसतं?"

"आम्हाला वाटलं, सरांनी मुद्दाम फसवा प्रश्न घातलाय," जुळ्यांतला एक म्हणाला.

"अर्थात मुद्दाम," सर म्हणाले. "जेवा आता."

सोमवारी त्यांनी सही केली, आणि झाल्या प्रकाराला काहीतरी भलं नाव असावं म्हणून विभागाच्या वार्षिक अहवालात एक ओळ घातली: विभागप्रमुखांच्या घरी भोजनासह विशेष सराव. दोब्रेबाईंनी ती स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली. आंकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या की खोट्या, यावर सर आठवडाभर विचार करत होते.

पुढच्या रविवारी दाराची घंटा वाजली. बाहेर एक अनोळखी गृहस्थ उभे होते, सोबत चष्मा लावलेली छोटी मुलगी.

"गणिताचा क्लास इथंच ना? आम्ही पलीकडच्या शाळेतले. पोरं सांगत होती, बाई फार छान सरमाले वाढतात."

"आणि गणित?" ब्रातोसिन सरांनी डोळे बारीक करून विचारलं.

"ते काही अवघड नाही म्हणतात. घरात एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना समजेपर्यंत समजावून सांगायचं, मग जेवण." त्यांनी सरांच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. "कुठं आहेत ते?"

सर काठी सावरत बाजूला झाले.

"आत या," ते म्हणाले. "मीच तो."