बिघाड : काही नाही

सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला आमचे खांबेटे साहेब आधी पाणी देतात, मग खुर्ची देतात आणि त्याने लॅपटॉप उघडायच्या आत त्याच्याच कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावतात. स्पीकरवर. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. साहेब एक दाबतात. मग सनई सुरू होते. समोरचा माणूस घामाघूम होऊन "सर, मी आहे ना इथे" म्हणतो, तर साहेब त्याला हातानेच थांबवतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतात. पाच मिनिटांत पलीकडून कोणी बोललं नाही की फोन ठेवतात. "विकायच्या आधी आपण समोर बसता, विकल्यावर ही सनई बसते. या आता."

साहेबांचा बिबवेवाडीत पाण्याचे फिल्टर दुरुस्त करण्याचा व्यवसाय आहे आणि मी तिथे नऊ वर्षं फोन घेते. फोन आला की वहीत नाव, पत्ता, तक्रार लिहायची, चिठ्ठी मेकॅनिकला द्यायची, आणि तो परत आला की बिघाड काय निघाला ते शेवटच्या रकान्यात भरायचं. "आधी नोंद, मग निदान" हे साहेबांचं लाडकं वाक्य. स्वतःला सर्दी झाली तरी ते आधी डायरीत तारीख लिहितात आणि मग वाफ घेतात.

एवढं करून हा गृहस्थ घरी माठातलं पाणी पितो. कारण विचारलं तर म्हणतात, "माठ बिघडत नाही. फुटतो. म्हणजे कोणाला फोन करायला नको." घरी ते एकटेच असतात. काकू मुलीच्या बाळंतपणाला म्हणून बंगळुरूला गेल्या, त्या नातू शाळेत जायला लागला तरी तिकडेच आहेत.

सॉफ्टवेअरचं खूळ निघालं ते एका चिठ्ठीवरून. आता आमचे सहा मेकॅनिक पार वाघोलीपर्यंत फिरतात. साहेब बाहेरगावी असताना त्यातल्या एकाच्या शर्टाच्या खिशात माथे आजींच्या तक्रारीची चिठ्ठी राहिली आणि शर्ट धुवायला गेला. सहकारनगरच्या या आजी एकट्या राहतात. चार दिवस त्या वाट बघत बसल्या. साहेब कधी ओरडत नाहीत, पण त्या दिवशी डबा न खाता परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सावंतबाई, वही बंद. सॉफ्टवेअर बघा."

मला आनंद झाला. नऊ वर्षं लिहून माझं मनगट कामातून गेलं होतं. पण सॉफ्टवेअर काही पसंत पडेना. सनईतून जे पार पडत, त्यांना साहेब दुसरा प्रश्न विचारत: "बिघाड निघाला नाही, तर तक्रार बंद करता येते का?" उत्तर नेहमी एकच. येत नाही. यादीतून मोटर, गळती, वायर, काहीतरी निवडावंच लागतं. त्याशिवाय पान पुढे सरकतच नाही.

खराडीहून आलेल्या एकाने तर कौतुकाने सांगितलं, "सर, दोनदा फॉल्ट सापडला नाही, की सिस्टम त्या कस्टमरला रेड मार्क करते. तिसऱ्यांदा कम्प्लेंट घेतच नाही. तुमची व्हिजिट सेव्ह."

"घेतच नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही ना सर. फेक कम्प्लेंट्स आपोआप बंद."

साहेबांनी त्याची बॅग स्वतः उचलून त्याच्या हातात दिली.

सातवी कंपनी परत गेली तेव्हा माझा संयम सुटला. बिघाडच नाही तर तक्रार कसली, आणि ती नीट बंद होते की नाही याची उठाठेव कशाला, असं मी तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, जुन्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये चढवाव्या लागतीलच, तोवर तेवढ्या गोळा करून ठेवा. मी रागारागाने वह्या काढल्या.

नऊ वर्षं मी त्या वह्या आडव्या लिहिल्या होत्या. उभ्या कधी वाचल्या नव्हत्या. शेवटचा रकाना वरून खाली वाचत गेले आणि गुरुवारपाशी अडखळले. गुरुवारची तीन-चार कामं साहेब स्वतः करतात आणि रकानाही स्वतःच भरतात. ती म्हातारी माणसं फार किरकिरी, म्हणून साहेब जात असतील असा माझा समज होता. माथे आजी. वाघोलीचे एक निवृत्त मास्तर. खराडीच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहणारे एक आजोबा, ज्यांची सून-मुलगा दिवसभर ऑफिसात. दर पंधरा दिवसांनी तीच नावं, "पाण्याला वास येतो" हीच तक्रार आणि पुढे साहेबांच्या बारीक अक्षरात: काही नाही. काही नाही. काही नाही.

वही घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले.

"फिल्टर ठणठणीत आहेत," साहेब म्हणाले. "मीच बसवलेत."

"मग जाता कशाला?"

"बोलावतात म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, नुसतं 'या बसायला' असं फोन करून म्हणवत नाही हो माणसाला. पाण्याला वास येतो, असं म्हणता येतं."

मला माझीच लाज वाटली. माथे आजींच्या "वास येतोय गं"ची नक्कल करून मी कितीदा मेकॅनिकांना हसवलं होतं.

आठवी कंपनी म्हणजे दोनच माणसं. त्यातली वर्ध्याची एक मुलगी आमच्याकडे आली. साहेबांनी रिवाजाप्रमाणे तक्रार क्रमांक फिरवला आणि फोन तिच्याच पर्समध्ये वाजला. दुसऱ्या घंटीला तिने तो उचलला आणि समोर बसूनच म्हणाली, "नमस्कार, बोला."

साहेब क्षणभर गांगरले. मग त्यांनी फोन कानाला लावला आणि टेबलाच्या अलीकडून पलीकडे रीतसर तक्रार केली, की आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाडाच्या यादीत 'काही नाही' असं दिसत नाही.

"नोंद केली, सर. परवापर्यंत होऊन जाईल."

"आणि एकच माणूस दहादा तक्रार करत असेल तर?"

"तर दहादा नोंद होईल जी," ती म्हणाली.

दोघांनी फोन ठेवले. साहेबांनी तिच्यासाठी दुसरा चहा मागवला. हे भाग्य मी आधीच्या सात जणांपैकी कोणाच्याही वाट्याला आलेलं पाहिलं नव्हतं.

सॉफ्टवेअर सुरू झालं. आता गिऱ्हाईक स्वतःच्या मोबाईलवरूनही तक्रार नोंदवतं, ती माझ्या पडद्यावर येते, चिठ्ठ्या गेल्या. माझं मनगट सुधारलं आणि साहेबांचा गुडघा बिघडला. शस्त्रक्रिया झाली, दीड महिना जिना उतरायचा नाही, फार उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. काकू आठवडाभर येऊन परत गेल्या, नातवाची परीक्षा होती. साहेबांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, की गुरुवारची कामं मेकॅनिकला देऊ नका, तुम्ही जा. मला फिल्टरमधलं ओ की ठो कळत नाही. तरी मी गेले. माथे आजींनी पाण्याचा विषयही काढला नाही. थालीपिठं मात्र दोन वाढली.

तिसऱ्या गुरुवारी निघायच्या बेतात होते, तेवढ्यात पडद्यावर नवी तक्रार आली. ग्राहकाचं नाव: खांबेटे. पत्ता: बिबवेवाडी. तक्रार: पाण्याला वास येतो.

मी ते दोनदा वाचलं. ज्या घरात फिल्टरच नाही, त्या घरातून आलेली ही आमची पहिली तक्रार.

गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. साहेब पाय स्टुलावर ठेवून बसले होते, आणि टीपॉयवर दोन कप झाकून ठेवलेले. उभं राहायला बंदी असताना चहा त्यांनीच केला होता, हे ओट्यावर सांडलेल्या साखरेवरून दिसत होतं.

"नोंद पोचली का?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघत नव्हते.

"पोचली. आधी नोंद, मग निदान," मी म्हटलं आणि माठातलं पाणी पेलाभर पिऊन बघितलं. गार होतं, छान होतं.

दीड तास बसले. माथे आजी कशा आहेत, मास्तरांचा खोकला थांबला का, अकराव्या मजल्याची लिफ्ट चालू झाली का, सगळं त्यांनी विचारलं. गुडघ्याचं मात्र काही बोलले नाहीत.

खाली उतरल्यावर मी मोबाईलवर त्यांची तक्रार उघडली. बिघाडाच्या यादीत सगळ्यात शेवटी असलेलं 'काही नाही' निवडलं. पडद्यावर प्रश्न आला, तक्रार बंद करायची का?

मी 'नाही' दाबलं. पुढची भेट: गुरुवार.